संवाद नसलेली बाई

४ मार्च
सेंट ऑल्बन्स, मेलबर्न

जूझा आत्या,

पाकिटावर कुटायार आडनाव दिसलं म्हणून पत्र न फोडता टाकून देऊ नका. मी क्लॉडीन, तुमच्या धाकट्या भावाची, वेन्सूची मुलगी. तुम्ही मेलबर्न सोडून दूर उत्तरेला मकायला गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी जन्मले, त्यामुळे आपली ओळख असण्याचा प्रश्नच नाही. मी तुम्हाला लिहितेय हे पपांना माहीत नाही. पत्ता तुमच्या तिकडच्या, माल्टाहून आलेल्या आपल्या लोकांच्या, माल्टीज क्लबातल्या बाईंनी दिला. देण्याआधी त्यांनी विचारलं, घरातलं कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, एक जुनी वस्तू सापडलीय.

वस्तू म्हणजे तुम्हीच.

मी फुट्सक्रेला ऑनलाइन लिलाव करणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करते. जुनी खेळणी, क्रिकेटपटूंच्या सह्या, बंद पडलेल्या मालिकांची पोस्टरं असं काय काय आमच्याकडे विकायला येतं आणि त्याची वर्णनं लिहायचं काम माझं. इतिहासाची पदवी घेतलीय मी, आपल्या घरातली पहिलीच. मालक रॉड टिपेट मला प्रोफेसर म्हणतो. कौतुकाने म्हणतो की टोमणा मारतो ते त्या दिवशीच्या धंद्यावर ठरतं.

गेल्या महिन्यात नेव्हिल प्रॉसर नावाचे एक वृद्ध गृहस्थ पत्र्याचा गोल डबा घेऊन आले. तुम्ही काम करायचात त्या टीव्ही चॅनेलमध्ये ते फिल्मच्या प्रती काढायच्या खात्यात होते. तुम्हाला ते आठवतात का कोण जाणे, त्यांना तुम्ही आठवता. 'सनीडाउन मोटेल' या तुमच्या विनोदी मालिकेच्या सगळ्या टेपा चॅनेलने पुसल्या आणि त्यांच्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. एका भागाची तेवढी टास्मानियात दाखवायला फिल्मवर प्रत काढली होती. ती परत आल्यावर फेकून द्या असा हुकूम झाला, तेव्हा नेव्हिलनी साहेबाला विचारून ती घरी नेली. तुम्ही त्या मालिकेत जे काही केलंत त्यातलं जगात एवढंच उरलंय.

हा माल खरा आहे हे गिऱ्हाइकांना कळावं म्हणून मी एक उद्योग केला. नेव्हिलच्या गॅरेजमध्ये भिंतीवर फिल्म लावली आणि तिची दोन मिनिटं माझ्या फोनवर उतरवून घेतली. ती क्लिप मी लिलावाच्या पानावर टाकली. रीळ विकणं वेगळं आणि त्यातलं चित्र जगाला दाखवणं वेगळं, हे मला कळायला हवं होतं. बोल्या जोरात लागल्या आणि पाठोपाठ चॅनेलच्या नव्या मालकांचं पत्र आलं. कॉपीराइट आमचा आहे, क्लिप काढा, लिलाव थांबवा आणि रीळ आमच्या ताब्यात द्या.

क्लिप काढली. ते त्यांचं बरोबर होतं. रॉडने समोर उभं राहून माझ्या फोनमधूनही पुसायला लावली. पण रीळ कशाला हवंय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते जुन्या विनोदांचा संग्रह काढतायत, प्रोफेसर. धुऊन, इस्त्री करून. हा भाग त्यात बसत नाही. हातात पडला की कायमचा कपाटात जाईल."

नेव्हिल घाबरलेत. रॉडही घाबरलाय. मी घाबरलेली नाही, पण रीळ माझं नाही. त्यात तुम्ही आहात. तुमचं काय म्हणणं आहे?

क्लॉडीन


१८ मार्च

जूझा आत्या,

पोस्टकार्ड मिळालं. 'जाळून टाक. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, मी काय डॉक्टर आहे?'

बरं, तू. दुसरी आज्ञा पाळते, पहिली पाळणार नाही.

तू का जाळायला सांगतेस ते मला कळलं नाही असं समजू नकोस. पहिली दहा मिनिटं मला त्या गॅरेजमधून उठून जावंसं वाटत होतं. मोटेलचा मालक झालेला तो लेन डॉकरी येणाऱ्याजाणाऱ्या पोरीच्या ढुंगणावर चापट मारतो. चिनी आचाऱ्याच्या भांड्यात मांजर शोधतात. मग तू बादली आणि मॉप घेऊन येतेस, मारिया मॉप, आणि मोडक्या इंग्रजीत 'माझा काम नाय, बॉस' म्हणतेस. स्टुडिओतले लोक खो खो हसतात. माझे कान तापले. विद्यापीठातली माझी मैत्रीण हॅरिएट म्हणाली, असलं नष्ट झालेलंच बरं. मी तिला म्हटलं, नष्ट झालेल्या गोष्टीला जाब विचारता येत नाही. तिच्याशी बोलणं बंद आहे सध्या.

पण तेवढंच असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. डॉकरी टेलिफोनवर बोलत बसतो आणि तू त्याच्यामागे फरशी पुसत माल्टीजमध्ये बडबडतेस. दीड मिनिट. लोक त्या आवाजालाच हसतात, डॉकरी डोळे फिरवतो. मला आजीच्या स्वयंपाकघरात शिकले तेवढीच माल्टीज येते. ती पुरली.

तू म्हणालीस, या माणसाचे केस गोंदाने चिकटवलेत, वारा आला तर बघा. तू म्हणालीस, मघाचा विनोद रेडिओवरून चोरलाय, आणि तिथेही त्याला कुणी हसलं नव्हतं. मग तू कॅमेऱ्याकडे बघितलंस. 'आज ज्या बायकांनी दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या त्यांनी आता पाय वर घेऊन बसा. ही मी पुसते. आणि ही फरशी नाहीच, रंगवलेला पुठ्ठा आहे.'

मी गॅरेजमध्ये मोठ्याने हसले. नेव्हिलना वाटलं मी मॉपला हसले. त्यांना अर्थ सांगितला तर ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

कुणालाच कसं? आजीची मैत्रीण नेना प्सायला अजून आहे. तिला विचारलं. रविवारी चर्च सुटल्यावर आवारात बायका तुझं बोलणं एकमेकींना म्हणून दाखवायच्या, आणि नवरे जवळ आले की लगेच पास्तित्सीच्या सारणात मटार किती घालायचे यावर बोलायला लागायच्या. ती म्हणाली, "जूझा सगळ्यांची धुणी धूत होती, पोरी, आणि तिला पैसे देत होते ते तिला येडी समजत होते."

हे मी जाळू?

क्लॉडीन


५ एप्रिल

आत्या,

या वेळी दोन पानं लिहिलीस. निम्मी शिव्यांची, त्या मी जपून ठेवल्यात. तुझं एक वाक्य वाचून मात्र मी स्वयंपाकघरात उभीच राहिले.

मी विचारलं होतं, ते माल्टीज बोलणं कुणी लिहून दिलं होतं? तू लिहिलंस, कोण लिहून देणार, त्यांच्या कागदात फक्त 'मारिया आपल्या भाषेत बडबडते' एवढंच असायचं. आणि पुढे, जरा रागानेच, की तुझी गणती शेवटपर्यंत संवाद नसलेल्यांमध्ये होती. संवाद असलेल्या नटांचा दर वेगळा, गर्दीत उभं राहणाऱ्यांचा वेगळा. मोडक्या इंग्रजीतलं एक वाक्य संवादात धरायचं नाही असं साहेबांनी ठरवलं, आणि माल्टीज तर बोलणंच नव्हे, नुसता आवाज. म्हणून भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांमध्ये तुझं नाव नाही. तुझ्याकडून कसली सहीही कधी घेतली नाही. बडबडीवर कशाला सही घ्यायची?

मी नेव्हिलना फोन केला. त्यांनी रीळ हाताने शेवटपर्यंत उलगडून भिंगातून बघितलं. 'तार आली' एवढंच म्हणणाऱ्या पोस्टमनचं नाव आहे. तुझं नाही.

मग मी फुट्सक्रेच्या मोफत कायदा केंद्रात गेले. तिथल्या वकील थूई लाम फार हसत नाहीत, पण हे ऐकताना हसल्या. त्यांनी मला नीट समजावलं, मीही तुला तसंच सांगते. चित्राचा हक्क कंपनीचा, तो आपण नाकारत नाही. त्यांच्या परवानगीशिवाय ते लोकांना दाखवता येणार नाही. पण डबा आणि रीळ नेव्हिलचं, कॉपीराइटच्या नावाखाली ते मागता येत नाही. आणि ते दीड मिनिटाचे शब्द तू रचलेस, तू कुणाला लिहून दिले नाहीस, कंपनीने स्वतःच त्यांना संवाद मानलं नाही. मग ते कुणाचे?

तुझे, आत्या. तुला कमी पैसे देण्यासाठी त्यांनी जी लबाडी केली, तिच्यामुळेच ते तुझे राहिले.

रॉडला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "प्रोफेसर, आपण बाहुल्या विकतो. न्याय नाही विकत." शुक्रवारी त्याने नेव्हिलना सहीसाठी बोलावलंय, रीळ राजीखुशीने सोडून देतो म्हणून.

शुक्रवारी मीही तिथे असेन.

क्लॉडीन


२४ एप्रिल

आत्या,

माझी नोकरी गेली. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

रॉडच्या टेबलावर कागद तयार होता, आणि कंपनीच्या कायदेखात्यातली बाई फोनवर, सगळ्यांना ऐकू येईल अशी. आवाज मधासारखा. ती नेव्हिलना समजावत होती की या भागातल्या विनोदांनी स्थलांतरित समाजांची मनं दुखावतील, आणि त्यांची काळजी घेणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. नेव्हिलनी पेन उचललं होतं. मी म्हटलं, "नेव्हिल, कॉपीराइट त्यांचा आहे. डबा तुमचा आहे. सही करायची काही गरज नाही."

रॉड म्हणाला, "प्रोफेसरीण बाई, पगार कोण देतं तुम्हाला?"

"तुम्ही देता. म्हणून तर तुमच्या गिऱ्हाइकाला खरं सांगतेय."

मी फोनकडे वळून त्या बाईला विचारलं की मारिया मॉप दीड मिनिट जे बोलते ते कुणी लिहिलंय. ती म्हणाली, अर्थात आमच्या लेखकांनी, संपूर्ण संहिता आमचीच आहे.

"मग त्याचा अर्थ सांगा," मी म्हटलं.

 ती म्हणाली की ती भाषा आत्ता तपासावी लागेल. मी विचारलं, कोणती भाषा? तेही तिला सांगता आलं नाही. ज्यांची मनं जपायची होती ते कोण हेच तिला ठाऊक नव्हतं. मी तिला तुझं नाव सांगितलं, अक्षर अक्षर लावून.

नेव्हिलनी पेन खाली ठेवलं आणि डबा काखेत मारला. माझ्याकडे न बघता ते रॉडला म्हणाले, "मी हा विचारून नेला होता, मित्रा. आता कुणी विचारलं तरी देणार नाही."

सोमवारपासून येऊ नकोस, असं रॉडने मला दारात सांगितलं. तू चुकलीस असं नाही, म्हणाला, पण एक खटला झाला की हे दुकान बसलं. मला राग आला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण तो माणूस वाईट नाही आणि मी पुन्हा तेच करीन.

घरी आल्यावर नोकरी का गेली ते सांगावं लागलं. म्हणजे सगळंच. पपा टोमॅटोची रोपं उपटत होते, मोसम संपलाय. हातातली माती न झटकता त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोटारींच्या कारखान्यात माझं नाव वेन्सू नव्हतं. मॉप होतं. माझ्या लॉकरवर कुणीतरी मॉप टांगून ठेवायचं. ती लोकांना हसवून घरी यायची, आणि ते हसणं दुसऱ्या दिवशी मी खायचो."

मी म्हटलं, ती खरं काय बोलत होती ते तुम्ही कधी ऐकलंच नाहीत. मी थोडं म्हणून दाखवलं. म्हणाले, "ते आपल्या बायकांना कळलं असेल. माझ्या लाइनवर आपल्या बायका नव्हत्या."

मी त्यांच्या शेजारी बसून रोपं उपटू लागले. 

काल तुझं पत्र आलं. शब्द माझे असतील तर मीच ठरवणार, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. मी एवढे दिवस तुझा हक्क, तुझा हक्क म्हणून ओरडतेय, आणि जाळ म्हणायचाही त्यात हक्क येतो हे मला गिळावं लागतंय. तुझी अट मी तीनदा वाचली. 'त्या हसण्याचं मोल वेन्सूने दिलं. त्याने आधी बघावं. बघून तो जाळ म्हणाला, तर नेव्हिलला सांग जाळ. ठेव म्हणाला तर ठेव.'

नेव्हिल तयार आहेत. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण म्हणाले, बाईचा शब्द आहे.

पपा बघायला तयार नाहीत. मी पुन्हा विचारणार. ते नाही म्हणणार. मी परत विचारणार.

क्लॉडीन


१६ मे

आत्या,

झालं ते सांगते.

कंपनीचं नवीन पत्र या वेळी घरी आलं, माझ्या नावाने. नाश्त्याच्या वेळी मी ते मोठ्याने वाचत होते, कारण हल्ली मी सगळंच मोठ्याने वाचते. पपा पावाला लोणी लावत होते. त्यात एक वाक्य होतं की सदर भागात दिसणारी 'अनोळखी साफसफाई कामगार' हिचा कोणताही हक्क कंपनीला मान्य नाही.

पपांनी सुरी खाली ठेवली. "अनोळखी?"

मी म्हटलं, तसं लिहिलंय.

"गोझो बेटावरच्या झेब्बूजची जूझा कुटायार. बोटीवर मला ओकारी झाली तेव्हा तिने स्वतःच्या झग्याने माझं तोंड पुसलं. आणि हे म्हणतात अनोळखी?" ते उठले. एक बाही घालताघालताच कोट घेऊन दारात. "कुठे आहे तो गॅरेजवाला? चल."

नेव्हिल जिलाँगला राहतात.  नेव्हिलनी दोघांच्या मध्ये बिस्किटांची बशी ठेवली, तिला कुणी हात लावला नाही. डबा उघडला की आंबूस वास येतो, फिल्म सडायला लागली की असा येतो म्हणे. मग दिवा घालवून यंत्र सुरू केलं.

इंग्रजी भागात पपा जमिनीकडे बघत होते. तुझं ते एक वाक्य आलं, लोक हसले, आणि पपांचा जबडा घट्ट झालेला मला अंधारातही दिसला. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता जाळ म्हणणार, आणि मला तोंड बंद ठेवावं लागणार. मी ठेवणार होते, आत्या. तुला शब्द दिला होता.

मग डॉकरीने टेलिफोन उचलला आणि तू सुरुवात केलीस. पपांनी मान वर केली. केसांच्या विनोदाला ते हसले नाहीत. रेडिओच्या विनोदालाही नाहीत. पाय वर घेऊन बसा म्हणालीस तेव्हा त्यांनी नाकातून आवाज काढला, हसू की काय ते सांगता येणार नाही.

त्याच्यापुढचं एक वाक्य मी तुला पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं आणि त्यांनाही म्हणून दाखवलं नव्हतं. ते माझं नव्हतं, तुझं आणि त्यांचं होतं. तू मॉप पिळलास आणि म्हणालीस, 'वेन्सू, ओले बूट घेऊन घरात शिरू नकोस. घरची फरशी मी सकाळीच पुसून आलेय, आणि ती खरी आहे.'

पपा खुर्चीत पुढे झाले. एवढे पुढे की भिंतीवर त्यांच्या डोक्याची सावली पडली आणि तुझा अर्धा चेहरा झाकला गेला. डॉकरीने टेलिफोन ठेवला. लोक हसले. तू बादली घेऊन बाहेर गेलीस.

"पुन्हा लाव," पपा म्हणाले.

नेव्हिलनी यंत्र थांबवलं. त्यांनी दिव्याखाली फिल्मची कड दाखवली, भोकं फाटत चाललीयत, जिथे तू बोलतेस नेमकी तिथेच जास्त. प्रत्येक वेळी लावली की थोडी मरते. लावतो, म्हणाले, तुम्ही म्हणाल तर लावतो, पण पुढच्या वेळी तुटेल कदाचित.

पपा बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या माणसाने घरात तुझा विषय काढू दिला नाही, त्याला आता तुझं बोलणं एकदाच ऐकायला मिळालं होतं. मग ते म्हणाले, "नको. गुंडाळ. नीट गुंडाळ, घाई करू नकोस. थंडीत ठेवतात ना ह्या वस्तू? ज्यांच्याकडे तशी जागा आहे त्यांना दे."

'ठेव' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण तू अट घातलीस त्याचं उत्तर हेच, असं नेव्हिल आणि मी दोघांनी धरलं. तुला पटत नसेल तर लिही.

सोमवारी नेव्हिल आणि मी डबा सरकारी फिल्मसंग्रहात देऊन आलो. त्यांच्या नोंदीत बोलणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव घातलंय, आणि माल्टीज शब्द कुणाचे याच्यापुढेही तुझंच. अर्थ लिहून द्यायला मी बसले होते, पण मग वाटलं की तो तू लिहावास. शिव्या गाळू नकोस. थूई लाम यांनी कंपनीला त्याप्रमाणे कळवलंय. चित्राचा हक्क त्यांचाच राहील. पण आता ते रीळ त्यांच्या कपाटात जाणार नाही, आणि तू बोलतेस तो भाग कधी दाखवायचा झाला तर त्यांना मकायला पत्र लिहावं लागेल, तुला विचारायला. तू काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. माझ्या मनात एक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

मला अजून काम मिळालेलं नाही. मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली विचारतात, आणि मी खरं सांगते. एक ना एक दिवस कुणीतरी ते ऐकून घेईल.

पपा आत्ता माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. स्वतः लिहा म्हटलं तर त्यांना चष्मा सापडत नाही, तो त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांना तुला एक निरोप द्यायचाय. जसा सांगितला तसा लिहिते, माझा एकही शब्द न घालता:

"तिला सांग, त्या सकाळी घरातली फरशी तिने पुसली होती हे खरं. पण दारामागचा कोपरा तसाच राहिला होता. मी ओल्या बुटांनीच आत आलो, आणि तो नंतर मी पुसला."

तुझी,
क्लॉडीन